छातीचा फोटो

दौंडहून सकाळी पुण्याला निघणाऱ्या डेमूत पाटस-केडगाव मागे पडलं की डब्यात एखादी तरी मोठी चौकोनी पिशवी दिसतेच. कुणी ती मांडीवर आडवी धरलेली असते, कुणी खिडकीला उभी टेकवलेली. ती दुमडायची नसते, एवढं सगळ्यांना ठाऊक असतं. यवतच्या आसपास शेजारचा विचारतो, "कुणाचं आहे?" मग फिल्म बाहेर निघते, खिडकीच्या उजेडात वर धरली जाते आणि समोरच्या बाकावरचे चार जण माना वर करून बघतात. "हे पांढरं काय दिसतंय?" "तेच दाखवायला चाललोय ससूनला."

शिरूरला रेल्वे नाही, तिथून हीच पिशवी नगर रस्त्यानं एसटीत बसून जाते. दोन्ही तालुक्यांत एक्स-रेला अजून 'फोटो' म्हणतात. छातीचा फोटो काढला, डाग निघाला. शब्द सोपा आहे, पण त्यामुळे काही समजुती घट्ट बसतात: फोटोत जे आहे ते कुणालाही दिसतं, मशीननं दाखवलं म्हणजे ते खरंच, आणि मशीन जेवढं महाग तेवढं उत्तर पक्कं. या समजुतींपायी लोकांचा पैसा जातो, कधी जीवही धोक्यात येतो. म्हणून फिल्मवर नेमकं काय उमटतं आणि ते वाचणारा कसं वाचतो, हे जरा सावकाश बघू.

कॅमेरा वस्तूवरून परत आलेला उजेड टिपतो. एक्स-रेचे किरण शरीरात एका बाजूनं शिरतात, दुसऱ्या बाजूनं बाहेर पडतात, आणि पलीकडच्या पाटीवर किती पोचले याची नोंद होते. म्हणजे ती सावली आहे. जर्मनीत व्युर्झबर्गला विल्हेल्म राँटगेन यांना ८ नोव्हेंबर १८९५ रोजी हे किरण सापडले. त्याच डिसेंबरात त्यांनी पत्नीच्या हाताची सावली घेतली, तीत बोटांची हाडं आणि अंगठी दिसते. नियम आजही तोच. हवेतून किरण सहज पार जातात, तिथे फिल्म काळी. हाडात बरेचसे अडतात, तिथे पांढरी. धातूत जवळजवळ सगळेच अडतात, म्हणून गळ्यातला ताईत आणि ब्लाउजची पिन लख्ख पांढरी येते. चरबी करडी. राहिलं पाणी, रक्त, पू, स्नायू आणि गाठ. हे सगळे जवळपास एकाच छटेचे. गोम इथेच आहे. फुप्फुसात हवेच्या जागी न्यूमोनियाचा पू भरला, हृदय थकल्यामुळे पाणी साठलं किंवा गाठ वाढली, तरी दिसणार पांढरंच. 'डाग' या शब्दाचा अर्थ एवढाच की इथे हवा असायला हवी होती, ती नाही.

एक्स-रेच्या खोलीतल्या सूचना आपण यांत्रिकपणे पाळतो. "मावशी, मंगळसूत्र काढा. वेणी वर बांधा. हनुवटी इथं टेकवा. हात कमरेवर, कोपरं पुढं. मोठा श्वास घ्या... धरा... धरा... सोडा." यातली एकही सूचना उगाच नसते. जाड वेणी खांद्यावर आली तर फुप्फुसाच्या शेंड्यावर तिची सावली पडते, आणि मोठ्या माणसातला क्षय बहुधा तिथेच शोधायचा असतो. कोपरं पुढं केली की खांद्याची पाती फुप्फुसावरून बाजूला सरकतात. छाती पाटीला चिकटवतात, कारण हृदय पुढच्या बाजूला असतं. दिव्यासमोर हात धरून भिंतीवर हरीण-ससे करणाऱ्या कोणत्याही पोराला माहीत असतं की हात भिंतीपासून दूर नेला की ससा मोठा होतो. ज्याला उठवत नाही अशा रुग्णाचा फोटो पाठीखाली पाटी सरकवून काढतात, तेव्हा हृदय पाटीपासून लांब जातं आणि मोठं दिसतं. फिल्म कशी काढली हे न बघता 'हृदय वाढलंय' म्हटलं, की निरोगी हृदयाच्या मागे आजार लागतो.

ही चित्रं वाचणारा डॉक्टर म्हणजे रेडिओलॉजिस्ट. तो सरळ डागाकडे बघत नाही. आधी नाव, तारीख आणि डावी-उजवीची खूण. क्वचित एखाद्याचं हृदय खरोखरच उजवीकडे असतं. खूण नसेल तर फिल्म उलटी लावली की माणूसच वेगळा आहे, हे सांगता येणार नाही. मग श्वास पुरता घेतला होता का, हे बरगड्या मोजून बघतो. मागच्या बाजूच्या नऊ-दहा बरगड्या छाती आणि पोट यांच्यामधल्या पडद्याच्या वर दिसल्या तर श्वास चांगला. सहा-सातच दिसल्या तर फुप्फुसं दाबलेली आहेत आणि तळाशी दिसणारा पांढुरकेपणा आजार नसूही शकतो. गळपट्टीच्या दोन्ही हाडांची आतली टोकं कण्यापासून सारख्या अंतरावर आहेत ना? नसतील तर माणूस तिरका उभा होता. एवढं झाल्यावर श्वासनलिका मधोमध आहे का, हृदयाची रुंदी छातीच्या रुंदीच्या निम्म्याच्या आत आहे का, पडद्याच्या दोन्ही कमानी स्वच्छ आहेत का. कमान आणि बरगड्या जिथे मिळतात तो कोपरा टोकदार हवा. 'छातीत पाणी झालं' की तो बोथट होतो. उभ्या फोटोत तो बोथट व्हायला साधारण २०० मिलिलिटर पाणी साठावं लागतं. सोनोग्राफीला त्याहून पुष्कळ कमी पुरतं.

शेवटी तो मुद्दाम लपायच्या जागा बघतो: फुप्फुसाचे शेंडे, हृदयाच्या मागचा भाग, पडद्याच्या खालची बाजू, बरगड्यांच्या कडा. हा क्रम पाळायचं कारण यंत्रात नाही, माणसाच्या डोळ्यात आहे. एक गोष्ट सापडली की शोध संपला असं डोळ्याला वाटतं, आणि दुसरी राहून जाते. अमेरिकेत २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात २४ रेडिओलॉजिस्टांना फुप्फुसाचे सिटी स्कॅन दाखवून बारीक गाठी शोधायला सांगितलं होतं. एका स्कॅनमध्ये गुपचूप गोरिलाचं चित्र घातलं होतं, नेहमीच्या गाठीच्या ४८ पट मोठं. २० जणांना ते दिसलंच नाही. ही मंडळी आळशी नव्हती. ती गाठ शोधत होती, म्हणून गाठच बघत होती. हे वाचल्यापासून मी रिपोर्टकडे वेगळ्या आदरानं बघतो. तो लिहिणाऱ्यानं स्वतःच्या डोळ्यावर लगाम घालून तो लिहिलेला असतो.

आता सिटी स्कॅन. एक्स-रेची अडचण अशी की पुढचं, मधलं, मागचं सगळं एकावर एक पडतं. शिरूर-दौंडच्या माणसाला हे उसाच्या फडावरून लगेच कळेल. रात्री बांधावर उभं राहून फडात बॅटरी मारली आणि पलीकडे उजेड कमी पोचला, तर त्या ओळीत ऊस दाट आहे एवढंच समजतं. दाट कुठे आहे, बांधाजवळ, मध्ये की पार पलीकडे, ते समजत नाही. पण फडाला वेढा घालून शेकडो जागांवरून बॅटरी मारली आणि प्रत्येक वेळी पलीकडे किती उजेड आला हे लिहून ठेवलं, तर त्या आकड्यांचा हिशोब करून फडातला प्रत्येक दाट ठोंब नकाशावर मांडता येतो. सिटीच्या गोल कमानीत एक्स-रेची नळी रुग्णाभोवती फिरत असते ती यासाठीच. ब्रिटिश अभियंते गॉडफ्रे हाउन्सफिल्ड यांनी हे यंत्र बांधलं आणि १ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनच्या विंबल्डन भागातल्या ॲटकिन्सन मॉर्ली रुग्णालयात पहिल्या रुग्णाचा मेंदू त्यात पाहिला गेला. त्या चित्रात ८० गुणिले ८० चौकटी होत्या, म्हणजे ६,४००. आजच्या एका कापात (शरीराच्या एका आडव्या थराच्या चित्रात) ५१२ गुणिले ५१२, म्हणजे अडीच लाखांहून जास्त.

त्या हिशोबाचा एक धागा आपल्या पुणे जिल्ह्याशी जुळतो. आकाशातल्या रेडिओ लहरींच्या पट्ट्यापट्ट्यांच्या नोंदींवरून सूर्याचा किंवा चंद्राचा नकाशा कसा काढायचा, हा खगोलशास्त्रज्ञांचा प्रश्न गणितानं हाच आहे. स्टॅनफर्डचे रोनाल्ड ब्रेसवेल यांनी तो सोडवला, आणि ती पद्धत पुढे सिटीला उपयोगी पडली. या ब्रेसवेल यांच्या हाताखाली डॉक्टरेट केलेले गोविंद स्वरूप यांनी नारायणगावजवळ खोडदला ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांची रेडिओ दुर्बीण उभी केली. जी. एन. रामचंद्रन आणि ए. व्ही. लक्ष्मीनारायणन या भारतीय शास्त्रज्ञांनी १९७१ मध्ये मांडलेली सोपी आणि वेगवान रीत तर जगभरच्या सिटीच्या पाठ्यपुस्तकांत त्यांच्या नावानं शिकवतात. नुसते आकडे उलटे पसरले तर चित्र धुकट येतं. त्यांच्या गाळणीनं कडा स्वच्छ होतात. खोडदच्या तबकड्या बघायला शाळेच्या सहली जातात, तेव्हा पोरांना हे आवर्जून सांगावं असं मला वाटतं.

सिटीतल्या प्रत्येक चौकटीला एक आकडा मिळतो. पाणी शून्य, हवा उणे १०००, चरबी उणे १०० च्या आसपास, ताजं गोठलेलं रक्त ५० ते ७०, घट्ट हाड १००० आणि वर. एवढ्या आकड्यांना पुरतील इतक्या करड्या छटा आपल्या डोळ्याला वेगळ्या करता येत नाहीत. म्हणून वाचणारा आकड्यांचा एक छोटा पट्टा निवडतो आणि सगळ्या छटा तेवढ्यावर पसरतो; बाकीचं निव्वळ काळं किंवा निव्वळ पांढरं होऊन जातं. पट्टा बदलला की तोच काप फुप्फुस दाखवतो, पुन्हा बदलला की हाड. मोबाइलवर कुणीतरी पाठवलेल्या एका स्क्रीनशॉटवरून सिटी 'दाखवून' घेणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. शेकडो कापांपैकी एक, आणि तोही एकाच पट्ट्यात, एवढंच समोरच्यापर्यंत पोचलेलं असतं.

कोविडच्या दुसऱ्या लाटेत 'स्कोअर किती?' हा प्रश्न आपल्याकडे ख्यालीखुशालीच्या जागी आला होता. छातीच्या सिटीचे, म्हणजे एचआरसीटीचे दर त्याआधीच सरकारला बांधून द्यावे लागले होते. सप्टेंबर २०२० मध्ये १६ स्लाइसच्या आतल्या यंत्राला २,००० रुपये, १६ ते ६४ ला २,५०० आणि त्याहून मोठ्याला ३,००० ठरले. पण स्कोअर म्हणजे काय, हे फार थोड्यांना सांगितलं गेलं. फुप्फुसाचे पाच कप्पे, उजवीकडे तीन, डावीकडे दोन. प्रत्येक कप्पा किती व्यापलाय याला शून्य ते पाच गुण. एकूण २५. म्हणजे हा व्यापलेल्या जागेचा अंदाज. अंगात प्राणवायू किती पोचतोय हे त्यात नाही. तिसऱ्या दिवशीचा ८ आणि दहाव्या दिवशीचा ८ यांचा अर्थ वेगळा, कारण पहिला अजून चढत असू शकतो. ८ ऐकून निश्चिंत झालेली आणि १५ ऐकून हातपाय गाळून बसलेली घरं मी पाहिली आहेत. बोटाला लावायचं ऑक्सिमीटर त्यांना त्या घडीला जास्त खरं सांगत होतं.

एमआरआयमध्ये एक्स-रे नसतातच. शरीरातल्या पाण्यात आणि चरबीत हायड्रोजन असतो. त्याचे केंद्रकण चुंबकात भोवऱ्यासारखे डुलतात. नेहमीच्या यंत्राचा चुंबक दीड टेस्लाचा, पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या सुमारे तीस हजार पट. त्यात हे भोवरे सेकंदाला जवळजवळ ६.४ कोटी वेळा डुलतात, म्हणजे ६४ मेगाहर्ट्झ; पुणे आकाशवाणीचं एफएम १०१ वर लागतं, त्याच्या बरंच खाली. त्याच ठेक्याची रेडिओलहर देऊन भोवरे कलंडवायचे आणि ते सावरताना जो बारीक सूर सोडतात तो ऐकायचा. सुजलेल्या भागातलं पाणी सावकाश सावरतं, चरबी लवकर, म्हणून मऊ अवयवांतला फरक इथे सिटीपेक्षा ठळक दिसतो. बाहेरचं स्टेशन आत लागू नये म्हणून त्या खोलीला भिंतीतून तांब्याचं अस्तर असतं.

आणि इथेच आपल्या भागातला दुसरा लाडका शब्द येतो: मणक्यातला 'गॅप'. ट्रॅक्टरवर, उसाच्या मोळीखाली किंवा रांजणगावच्या कंपनीत पाठ धरली, एमआरआय काढला, गॅप निघाला, आता ऑपरेशनच. पाठ अजिबात दुखत नसलेल्या ३,११० माणसांच्या स्कॅनचे अभ्यास एकत्र करून २०१५ मध्ये आकडे मांडले गेले. विशीतल्या ३० टक्के लोकांत मणक्यांमधली चकती फुगलेली होती, ऐंशीच्या घरात ८४ टक्क्यांत. दुखणं कुणालाच नव्हतं. चकती झिजणं हे बऱ्याचदा केस पिकण्यासारखं असतं. चित्रातला फुगवटा ज्या नसेवर आहे, त्याच नसेच्या वाटेनं पायात कळ येते का, पाय कमजोर झालाय का, हे डॉक्टरनं हातानं तपासल्याशिवाय त्या चित्राला अर्थ येत नाही. लघवी-संडासवरचा ताबा गेला किंवा पाय लुळा पडू लागला तर मात्र एक दिवसही थांबू नये.

सोनोग्राफीत आवाज पाठवायचा आणि प्रतिध्वनी मोजायचा. मुतखडा पांढरा चमकतो आणि त्याच्यामागे काळी सावली पडते, पाणी काळं दिसतं. हवा ध्वनीला अडवते, म्हणून जेल लावतात आणि 'पाणी पिऊन या, लघवी धरून ठेवा' म्हणतात. लघवीची भरलेली पिशवी ही आत डोकवायची खिडकी होते. ही एकच तपासणी अशी आहे की बघणाऱ्याचा हात फिरतो तसं चित्र बनतं, म्हणून नंतर कुणी दुसऱ्यानं ती तेवढ्याच खात्रीनं वाचणं अवघड. आपल्या राज्यात तिच्याभोवती कायद्याचं कुंपण आहे आणि ते हवंच होतं. गर्भलिंग तपासणीवर महाराष्ट्रानं १९८८ मध्ये देशात सर्वांत आधी कायदा केला, केंद्राचा १९९४ चा. सोनोग्राफी सेंटरच्या दारावरची ती पाटी आपल्याकडे न जन्मलेल्या मुलींमुळे लागली आहे.

डिजिटल यंत्रं आल्यापासून फिल्मची वाट बदलली. फोटो तालुक्यात निघतो आणि तारेवरून पुण्यात किंवा आणखी लांब बसलेल्या रेडिओलॉजिस्टच्या पडद्यावर उघडतो. मध्यरात्री हायवेवरच्या अपघातात डोक्याला मार लागलेल्या माणसाला याचा मोठा उपयोग. पण त्या डॉक्टरसमोर रुग्ण नसतो, फक्त चिठ्ठी असते. चिठ्ठीवर नुसतं 'सिटी ब्रेन' लिहिलं तर तो सगळीकडे सारखंच बघणार. 'सकाळी ७ पासून उजवा हात लुळा, बोलणं अडखळतंय' असं लिहिलं तर तो मेंदूच्या डाव्या बाजूच्या रक्तवाहिन्या डोळ्यांत तेल घालून बघेल. लकव्यात पहिल्या काही तासांचा सिटी स्वच्छ दिसू शकतो. रक्तस्राव असेल तर तो लगेच पांढरा दिसतो, आणि तो नाही एवढं कळलं तरी गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत देता येतं. 'रिपोर्ट नॉर्मल आला, घरी नेलं' ही अशा वेळी केवढी मोठी चूक ठरते, ते यावरून ध्यानात येईल. चिठ्ठीवर चार ओळी लिहा असा आग्रह आपल्या डॉक्टरांकडे धरायला संकोच करू नये.

आता वाचणाऱ्याच्या शेजारी संगणकही बसलाय. छातीच्या लाखो फिल्म आणि त्यांची उत्तरं दाखवून त्याला तयार केलेलं असतं. तो नव्या फिल्मवर संशयाची जागा रंगवून गुण देतो. मुंबईच्या क्युअर डॉट एआय या कंपनीची अशी प्रणाली अनेक देशांत वापरली जाते. क्षयाच्या चाचपणीसाठी १५ वर्षांवरच्यांच्या फिल्म माणसाऐवजी संगणकानं वाचल्या तरी चालेल, असं जागतिक आरोग्य संघटनेनं २०२१ मध्ये सांगितलं. आपल्याकडे याची गरज किती आहे ते २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय क्षय सर्वेक्षणात दिसलं: सापडलेल्या रुग्णांपैकी ४२.६ टक्के जण छातीचा एक्स-रे काढला नसता तर निसटलेच असते. खोकला नाही, ताप नाही, तरी फुप्फुसात क्षय. हातात धरून नेता येईल असं एक्स-रे यंत्र ऊसतोडणीच्या तळावर किंवा वीटभट्टीवर नेऊन तिथल्या तिथे फिल्म वाचता येणं, ही मला या सगळ्यातली सर्वांत मोलाची प्रगती वाटते. मात्र संगणकाचा गुण म्हणजे निदान नव्हे. पुढे थुंकीची तपासणी लागतेच, सीबीनॅट किंवा गोव्यात बनणारं ट्रूनॅट. शिवाय बऱ्या झालेल्या जुन्या क्षयाचा व्रण आणि नवा क्षय यांत त्याची गल्लत होते. माणसाचीही होते.

माझे वडील, अण्णा, दौंडला रेल्वेत होते. २०१९ च्या पावसाळ्यात त्यांचा खोकला तीन आठवडे हटेना. फोटो काढला. उजव्या शेंड्यावर डाग, रिपोर्टात क्षयाची शक्यता. घरातल्या कपबशा वेगळ्या झाल्या, नातवाला मामाकडे धाडलं. गोळ्या सुरू करायचं जवळपास ठरलंच होतं. तेवढ्यात आईला आठवलं की २००६ मध्ये अण्णांचा असाच फोटो काढला होता आणि तो ट्रंकेत, लग्नातल्या शालूखाली आहे. कडा पिवळ्या पडलेली ती फिल्म घेऊन आम्ही त्याच सकाळच्या गाडीनं पुण्याला गेलो.

डॉक्टरांनी दोन्ही फिल्म उजेडाच्या पेटीवर शेजारी शेजारी लावल्या. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग पेन उलटं धरून जुन्या फिल्मवर टेकवलं. "हे तीन कण मोजा." चुन्याच्या ठिपक्यांसारखे तीन पांढरे कण, आणि त्यांच्याभोवती ओढलेली रेघ. मग नव्या फिल्मवर. तेच तीन, त्याच जागी, तेवढेच. "तेरा वर्षांत हललं नाही, आजोबा. हा बऱ्या झालेल्या दुखण्याचा वण आहे. थुंकी तपासून घेऊ, पण मला भीती वाटत नाही." थुंकी दोन्ही वेळा स्वच्छ निघाली. खोकला ॲलर्जीचा होता.

"मग आता हे जुनं टाकून द्यायचं ना?" अण्णांनी विचारलं.

"अजिबात नाही. पुढच्या वेळी हेच आधी दाखवा."

अण्णांनी दोन्ही फिल्म एकाच पिशवीत सरकवल्या, पिशवीच्या कोपऱ्यावर बॉलपेननं दोन्ही वर्षं लिहिली आणि परतीच्या गाडीत ती मांडीवर आडवी धरून बसले.